‘सत्र समाप्त झाले’: लॉगिन, सेशन आणि ओळख पटवण्याचे शब्द

विचारणा

करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेसाठी आम्ही वेबवर चालणारं छोटं ॲप करतोय. सभासदानं मोबाईल उघडायचा आणि सकाळ-संध्याकाळचं लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दहा दिवसांचं बिल बघायचं. आधी नुसता सभासद क्रमांक घातला की कुणाचंही खातं दिसायचं. शेजाऱ्याच्या म्हशीला फॅट किती लागली हे गावभर व्हायला लागलं, तेव्हा संस्थेनं लॉगिन घालायला सांगितलं.

लॉगिन घातलं. वीस मिनिटं हात लागला नाही की सेशन, म्हणजे लॉगिन करून चाललेला वापर, संपतं आणि पडद्यावर येतं: ‘आपले सत्र समाप्त झाले आहे. कृपया पुनःप्रवेश करा.’ वाक्य मीच लिहिलं होतं, शुद्ध मराठी म्हणून समाधानही वाटलं होतं. दुसऱ्याच दिवशी एक मावशी भर दुपारी संस्थेत आल्या. फोन पुढं धरला आणि म्हणाल्या, “माझं सभासदपद काढलासा व्हय?” बिल बघता बघता त्या वैरण टाकायला उठल्या होत्या, परत येऊन बघतात तर हे वाक्य. ‘सत्र’ त्यांना कळलं नाही, ‘समाप्त’ मात्र नीट कळलं.

तर सेशन, लॉगिन, लॉगआउट, ऑथेंटिकेशन (माणूस कोण ते तपासणं), ऑथरायझेशन (त्याला काय करू द्यायचं ते ठरवणं) यांना पडद्यावर काय म्हणावं? कोशातला शब्द चालेल, पण तो मावशींना वाचून दाखवता आला पाहिजे.

उत्तर, संस्कृत शिकवणाऱ्या बाईंचं

‘सत्र’ वाईट ठरवू नका. मूळ शब्द सत्त्र, धातू सद्, म्हणजे बसणे. अनेक ऋत्विजांनी मिळून बरेच दिवस चालवलेला सोमयाग म्हणजे सत्त्र. इंग्रजी ‘सेशन’ लॅटिनमधल्या बसण्याच्या धातूपासून आला आणि तो धातू आपल्या सद्‌चा भाऊबंदच आहे. इतकं सख्खं नातं असलेला प्रतिशब्द सहसा मिळत नाही. अन्नसत्रातही हाच शब्द. लोकांनी त्याचं अन्नछत्र केलं, डोक्यावर छत्र धरल्यासारखं. मला ते रूपही आवडतं.

पुन्हा मी

बाई, हे नातं मला माहीत नव्हतं, फार आनंद झाला. म्हणजे ‘बैठक’ म्हटलं तरी अर्थ तोच. पण कोल्हापुरात बैठक म्हटलं की एक तर तालमीतल्या जोर-बैठका, नाही तर संचालक मंडळाची बैठक. ‘बैठक संपली’ वाचून मावशी परत संस्थेतच येतील. ‘सत्र’ म्हटलं की शाळेचं पहिलं-दुसरं सत्र नाही तर सत्र न्यायालय. तांत्रिक लेखात मी ‘सत्र’च ठेवीन, पडद्यावर नको.

सेशन म्हणजे काय हे मी संस्थेच्या सचिवांना ज्या उदाहरणानं सांगितलं ते इथंही सांगतो, कारण शब्द त्यातूनच सापडेल असं वाटतंय. अंबाबाईच्या देवळात जाताना आपण बाहेर चपला ठेवतो आणि नंबराचा बिल्ला घेतो. बिल्ल्यावर आपलं नाव नसतं, चपलेचा रंग नसतो. नुसता नंबर. चपला आत कप्प्यात. वेबचंही तसंच आहे. ब्राउझर आणि सर्व्हर (जिथं ॲपची माहिती असते तो संगणक) ज्या नियमांनी बोलतात त्या एचटीटीपीला मागचं काही आठवत नाही, प्रत्येक मागणी त्याला नवी. म्हणून ओळख एकदा पटली की सर्व्हर आत एक कप्पा करतो आणि ब्राउझरच्या हातात बिल्ला देतो. पुढं प्रत्येक वेळी ब्राउझर तो बिल्ला दाखवतो. हा बिल्ला म्हणजे सेशन आयडी, आणि तो बहुतेक वेळा कुकीत, म्हणजे ब्राउझरनं जपलेल्या छोट्या नोंदीत, ठेवलेला असतो.

या उदाहरणात धोकाही दिसतो. बिल्ला ज्याच्या हातात, चपला त्याच्या. म्हणून तो कुणाला अंदाजानं बनवता येऊ नये. पानावरच्या स्क्रिप्टला वाचता येऊ नये, यासाठी कुकीवर ‘एचटीटीपी ओन्ली’ लावतात. ‘सिक्युअर’ लावली की ती उघड्या, म्हणजे एन्क्रिप्ट न केलेल्या वाटेनं जात नाही. आणि लॉगिन झाल्या क्षणी जुना बिल्ला रद्द करून नवा द्यायचा. हे विसरलं तर कुणी आधीच आपला बिल्ला तुमच्या हातात सरकवून ठेवू शकतो. तुम्ही त्यावर लॉगिन केलंत की कप्पा त्यालाही उघडा.

उत्तर, एका प्रोग्रामरचं

‘बिल्ला’ झकास. कुकी ही कल्पना लू माँटुली यांनी १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझरमध्ये आणली, आणि त्यांनी नाव उचललं ते युनिक्स या संगणकप्रणालीतल्या ‘मॅजिक कुकी’वरून. तीही हातोहात द्यायची खूणच.

माझी अडचण वेगळी आहे. ऑथेंटिकेशनला ‘प्रमाणीकरण’ आणि ऑथरायझेशनला ‘प्राधिकृती’ वाचतो तेव्हा मला दोन्ही एकच वाटतात. इंग्रजीतही घोळ आहेच. सर्व्हर नकार देताना आकडा पाठवतो, त्यातल्या ४०१ या उत्तराचं नाव ‘अनऑथराइज्ड’, पण त्याचा खरा अर्थ ‘तू कोण ते आधी दाखव’. ‘तू कोण ते कळलं, पण इथं यायचं नाही’ यासाठी ४०३ आहे.

पुन्हा मी

‘प्रमाणीकरण’ मलाही खटकतं. भाषेचं प्रमाणीकरण म्हणतो तेव्हा ती एका साच्यात बसवणं अभिप्रेत असतं. मावशींना कुणी साच्यात बसवत नाहीये. ‘अनधिकृत’ म्हटलं तर डोळ्यांपुढं बांधकाम येतं.

या जागी मराठीत तयार क्रियापद आहे: ओळख पटणे. ओळख करून देणं वेगळं, ओळख पटणं वेगळं. नंबर सांगितला ही ओळख दिली, ओटीपी जुळला तेव्हा ती पटली. ऑथेंटिकेशनचे हे दोन टप्पे इतके सुटे सांगणारं क्रियापद मला दुसरं दिसत नाही. ऑथरायझेशनसाठी ‘मुभा’. क्लार्कची ओळख पटते, पण दर बदलायची मुभा सचिवांनाच. म्हणून ४०१ला ‘आधी ओळख पटवा’ आणि ४०३ला ‘याची तुम्हाला मुभा नाही’. कालपासून आमच्या ॲपमध्ये हेच आहे आणि क्लार्कचे ‘हे असं का दाखवतंय’ विचारणारे फोन थांबलेत.

उत्तर, मोडी वाचणाऱ्या एका वाचकाचं

हल्ली आत कप्पा न ठेवता सगळी माहिती ब्राउझरच्या हातातल्या खुणेत, म्हणजे टोकनातच भरून देतात ना? त्याला बिल्ला कसं म्हणणार?

पुन्हा मी

बरोबर, तो बिल्ला नव्हे. जेडब्ल्यूटी (जेसन वेब टोकन) म्हणतात ते हे, २०१५ मध्ये त्याचं मानक आलं. ते एसटीच्या पासासारखं: कोण, कुठपर्यंत, किती तारखेपर्यंत, सगळं पासावरच. नेहमीच्या जेडब्ल्यूटीतला मजकूर कुणीही वाचू शकतो, फक्त बदलता येत नाही, कारण सर्व्हरची सही असते.

याला शब्द तुमच्याच मोडी कागदांत आहे. शिवकाळातल्या पत्राच्या वर शिक्का असे आणि मजकूर संपला तिथं मोर्तब, म्हणजे शेवटचा शिक्का, ‘मर्यादेयं विराजते’. पुढं कुणी ओळ घुसडू नये म्हणून. पत्र उघडं, पण त्यात भर घालता येत नाही. सही केलेल्या टोकनाचं काम नेमकं हेच. मी त्याला मोर्तबाचा पास म्हणायला लागलोय. त्याची खोड अशी की मुदत संपेपर्यंत तो चालतोच, मध्येच रद्द करायचा तर आत रद्द पासांची यादी ठेवावी लागते. आमच्याकडं एका घरात एक फोन आणि सासू-सुनेची खाती वेगळी, म्हणून आम्ही बिल्ल्यावरच थांबलो.

पासवर्डचं थोडक्यात: ‘परवलीचा शब्द’ नको. आज परवलीचा शब्द म्हणजे ज्याच्या त्याच्या तोंडी असलेला शब्द. पासवर्ड कुणाच्याच तोंडी नसावा. पासवर्ड म्हणूनच राहू दे. लॉगिनला मराठी विकिपीडियानं ‘सनोंद प्रवेश’ वापरला. जहाजाच्या वेगाची नोंद ठेवायच्या वहीवरून लॉग आला, म्हणून तो मुळाला धरून आहे, पण आमच्या बटणावर ‘लॉगिन’च लोकांना कळतं.

अडलं ते लॉगआउटवर. ‘बाहेर पडा’ लिहिलं तर सचिव म्हणाले, सभासदाला असं म्हणायचं? ‘खाते बंद करा’ लिहिलं तर खातं खरंच बंद व्हायची भीती.

उत्तर, एका वाचक ताईंचं

दूध तापवून झालं की आपण झाकून ठेवतो. खातंही झाकून ठेवा की.

पुन्हा मी

ताई, हाच शब्द घेतला. बटणावर ‘खातं झाका’. आणि वीस मिनिटांनंतरचा मजकूर असा: ‘बराच वेळ हात लागला नाही, म्हणून तुमचं खातं झाकून ठेवलंय. दूध आणि बिल जसंच्या तसं आहे. परत बघायला मोबाईल नंबर घाला.’

आज संध्याकाळच्या संकलनाला मावशींना दाखवला. त्यांनी किटली खाली ठेवली, मोठ्यानं वाचला आणि विचारलं, “मग नंबर आत्ताच घालू काय?”