नावं घालणाऱ्यांना नावं ठेवायची कशी?

धंतोलीकर: हाताने कोरीव काम करणाऱ्यांसाठीचा एक इंग्रजी लेख मराठीत आणतोय. एकाने काम दाखवलं की दुसऱ्याने दोष कसे सांगावेत, असा विषय. रेष थरथरली, वळणावर खोली कमीजास्त झाली, कोरायचं कलम निसटून चरा उठला, वगैरे. 'फेअर क्रिटिसिझम'ला 'रास्त टीका' लिहिलं. नागपूरच्या इतवारीतल्या एका कारागिराला वाचून दाखवलं, तर म्हणाले, "टीका काऊन? मी का इलेक्शनले उभा आहो?" दुसरा शब्द सुचवा.

मृण्मयी: 'टीका' मुळात वाईट नाही. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीकाच ना! वर्तमानपत्रांनी बिघडवला तो शब्द.

खामला_चौक: ते कारागिराला समजावत बसणार का? आमच्याकडे सरळ 'नुक्स' म्हणतात. नुक्स काढ, पण कारण सांग.

शुद्धलेखनी: नुक्स हिंदी. दोष, उणीव, वैगुण्य घरात असताना उसनवारी कशाला? 'दोषदर्शन' लिहा.

खामला_चौक: मग 'नक्षी'ही परत करा, अरबी आहे. 'सराफ'ही अरबी. 'कारागीर' फारसी. इतवारीत उरते काय मग, बापा?

राळ_आणि_लाख: आमचे आजोबा 'पारख' म्हणत. आधी हातभर अंतरावरून, नुसत्या डोळ्यांनी. भिंग नंतर. उलटं केलं की कुठलंही काम वाईटच दिसतं. आता मोबाइलवर दहापट मोठा फोटो टाकतात आणि लोक रेषेच्या कडेला उठलेले कण मोजत बसतात! दुसरं म्हणजे रेखाटन फसलं की हात, हे आधी वेगळं करायचं. चित्रातच वेल कोंबलेली असेल तर कलमाला बोलून काय उपयोग? आणि काप चमकत नसेल तर बरेचदा हत्याराच्या तोंडाला पॉलिश नसतं, हात चांगला असूनही.

मृण्मयी: मस्त. पण पारख गिऱ्हाईकही करतं. इथे बोलणारा त्याच धंद्यातला आहे. 'डावं-उजवं सांगणं'?

शुद्धलेखनी: डावं-उजवं म्हणजे भेदभाव.

मृण्मयी: तुमच्याकडे असेल.

पेटिकाशीर्ष: वाकाटक राणी प्रभावतीगुप्तेच्या पुणे ताम्रपटात कोरणाऱ्याचं नाव आहे, चक्रदास. 'उत्कट्टितम्', म्हणजे कोरलं, हा तिथला शब्द. पुराभिलेखांचे अभ्यासक वा. वि. मिराशींनी १९६३ च्या खंडात वाकाटकांचे कोरीव लेख दिले, त्यात कोरणाऱ्यांच्या चुका तळटीपांत दुरुस्त केल्यात. मूळ पाठ तसाच, दुरुस्ती खाली. माझ्या मते हीच रास्त टीका. शेरे नाहीत, टोमणे नाहीत.

खामला_चौक: चक्रदास उलटून बोलू शकत नव्हता, म्हणून सोपं गेलं.

तर्रीपोहा: 'टीका' आणि 'टाकी' दोन्ही 'टंक' म्हणजे छिन्नी, त्यावरूनच आले असणार. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही!

शुद्धलेखनी: टाकी, टांकसाळ टंकावरून, मान्य. टीकेला त्यात ओढायचं तर पुरावा द्या.

तर्रीपोहा: मग देवघरातला टाक?

राळ_आणि_लाख: तो पत्रा मागून ठोकून उठवतात. कोरीव नव्हे.

धंतोलीकर: मंडळी, लेख उद्या द्यायचाय. तूर्त 'दोष दाखवणं' लिहू का?

मृण्मयी: त्यातला 'रास्त' कुठे गेला? आणि शीर्षकात 'घालणाऱ्यांना' का? भांड्यावर नाव नागपुरात 'टाकतात'.

शुद्धलेखनी: घालतात.

खामला_चौक: टाकतात. आईच्या प्रत्येक गंजावर, म्हणजे पातेल्यावर, टाकलेलं आहे.

राळ_आणि_लाख: ते ठिपक्याठिपक्यांचं? मशीनचं असेल. काहीही म्हणा, फक्त कोरलंय म्हणू नका.