नेक्रोडान्सर: ताल चुकला की चाल गेली, ही मजा की नुसता छळ?

मध्यरात्रीचा बोका:
क्रिप्ट ऑफ द नेक्रोडान्सर हा झकास रोगलाइक ('रोग' या जुन्या गेमच्या धर्तीचा व्हिडिओ गेम) आहे आणि तालाच्या हट्टापायी त्याची वाट लागली आहे, असं माझं स्पष्ट मत. खेळला नसेल त्यांच्यासाठी: ब्रेस युअरसेल्फ गेम्सचा २०१५ चा गेम. तळघरात उतरायचं, नकाशा दर वेळी नवा, मेलात की पुन्हा सुरुवात. सगळा कारभार चार बाणांवर. हल्ल्याचं वेगळं बटणच नाही, राक्षसाच्या दिशेने बाण दाबला की वार. आणि प्रत्येक बाण गाण्याच्या ठेक्यावरच पडला पाहिजे. चुकला की चाल वाया, राक्षस मात्र सरकतातच.

१९८० च्या आसपासच्या त्या 'रोग' गेमपासून हा प्रकार निवांत डोकं चालवून खेळायचा. कोपऱ्यात अडकलात तर चहा करून या, राक्षस थांबतो. इथे पहिल्याच मजल्यावर ११५ बीपीएम (मिनिटाला ११५ ठोके), म्हणजे चालीला जेमतेम अर्धा सेकंद. याला अवघड नाही, दमदाटी म्हणतात.

हलगीवाला:
बोकाराव, तुम्ही राक्षसाकडे बघतच नाही, म्हणून वेळ पुरत नाही. सांगाडा घ्या. एक ठोका थांबतो, हात वर करतो, पुढच्या ठोक्याला पाऊल टाकतो. हात वर दिसले की बाजूला व्हा, तो शेजारी आला की हाणा. हिरवा स्लाइम (चिकट गोळ्यासारखा राक्षस) जागेवरच उड्या मारतो, निळा वर-खाली. वटवाघूळ तेवढं बेभरवशाचं. एकदा हे बोटांत मुरलं की पुढच्या मजल्यावर १३० बीपीएमलाही हात चालतो. ताल काढून टाका, मग उरतं काय? शाळकरी पोराने कागदावर सोडवावं एवढं गणित. ते ठेक्यात सोडवायचं, हाच तर गेम.

रात्रपाळी:
ताल नको तर खेळायला बार्ड हे पात्र घ्या ना. त्याला ठेक्याचं बंधन नाही, तुम्ही हललात तरच राक्षस हलतात. विषय संपला.

मध्यरात्रीचा बोका:
संपला कसा? बार्डच घेतलाय सध्या, आणि गेम मस्त चाललाय. डीप ब्लूज नावाचा बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटचा मोठा शत्रू, तर अख्खा बुद्धिबळाचा डाव मांडून बसतो, तिथे विचार करायला मिळाला की काय बहार येते! म्हणजे ताल हा वरून चढवलेला साज. हलगीवाल्यांचं 'हाच गेम' तिथेच निकालात निघालं.

हलगीवाला:
बहार आली कारण घाम आला नाही.

चौथीसीट:
दोघांनाही एक विचारते. मला एका कानाने जवळपास ऐकू येत नाही. मी खेळते ती स्क्रीनच्या तळाशी हृदयाकडे सरकणाऱ्या रेघांवर. ठेका त्यावर दिसतो, पण मग एक डोळा खाली आणि एक सांगाड्यावर. हलगीवाले दादा, 'बोटांत मुरलं की' हे ऐकू येणाऱ्यांचं झालं. तरीही बोकाराव, मला बार्ड नको. ठेका न चुकवता राक्षस मारत गेलं की मिळणाऱ्या सोन्याचा गुणक चढत जातो, ती झिंग बार्डमध्ये नाही. आणि ब्लूटूथ हेडफोन वापरत असाल तर आधी सेटिंगमध्ये जाऊन कॅलिब्रेशन करा, म्हणजे आवाज आणि ठेका जुळवून घ्या. आवाज मागून येतो आणि शिव्या गेमला बसतात.

हलगीवाला:
ताई, मान्य. रेघांचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता. बोकारावांना मात्र सूट नाही, त्यांचे दोन्ही कान शाबूत आहेत.

मध्यरात्रीचा बोका:
हेडफोन वायरचेच आहेत! असो. पीसीवर आपली गाणी घालता येतात ना? एखादं संथ गाणं घालतो, म्हणजे विचारही होईल आणि तालही राहील.

रात्रपाळी:
लांबलचक घाला. गाणं संपलं की पायाखालची जमीन सरकते आणि थेट पुढच्या मजल्यावर.

हलगीवाला:
घाला, घाला. पण आरिया या पात्राच्या वाटेला जाऊ नका. तिला ठेका चुकला तरी इजा होते, आणि जीव म्हणाल तर अर्ध्या हृदयाचा.