बोअरच्या पाण्यातलं लोह कसं काढावं? (ठाणे, घोडबंदर रोड)

नमस्कार मंडळी,

आमची 28 फ्लॅटची सोसायटी कासारवडवलीला. पिण्या-स्वयंपाकाला महापालिकेचं पाणी, अंघोळ, कपडे नि फ्लशला बोअरचं. गेल्या उन्हाळ्यात बोअर आणखी खोल नेली आणि तेव्हापासून हा त्रास सुरू झाला.

नळाला पाणी अगदी नितळ येतं. बादली भरून ठेवली की तासाभरात पिवळट दिसतं आणि सकाळी तळाला विटकरी गाळ. सासूबाईंची पांढरी सुती पातळं पार पिवळी पडली. डाग जावेत म्हणून मी ब्लीच घातलं, तर ते जास्तच पक्के बसले! ब्लीचने लोह कापडातच गंजतं, हे नंतर कळलं. लिंबू-मीठ चोळून उन्हात वाळवल्यावर थोडे फिके झाले.

पाणी तपासून घेतलं: लोह 2.8 मिलिग्रॅम प्रति लिटर, सामू (pH, म्हणजे पाणी किती आम्ल आहे ते) 6.5. लोह 0.3 च्या वर गेलं की डाग पडायला लागतात, म्हणजे आमचं बरंच जास्त आहे.

एक विक्रेता सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र) घ्या म्हणून मागे लागलाय. मला ते पटत नाही, कारण गंजाचे कण त्यातल्या रेझिनच्या मण्यांवर बसले की ते निकामी होतं. माझ्या मनात आहे ते असं: गच्चीवरच्या 10,000 लिटरच्या टाकीत पाणी शॉवरसारखं पाडायचं, हवा लागून लोहाचे कण झाले की मँगनीज डायऑक्साइडच्या फिल्टरमधून गाळायचं. अडचण सामूची. तो 7 च्या खाली असला की नुसत्या हवेने काम फार सावकाश होतं. मग क्लोरीन लागेल. 1 मिलिग्रॅम लोहाला साधारण 0.64 मिलिग्रॅम, म्हणजे भरलेल्या टाकीला 18 ग्रॅम. 30 टक्के क्लोरीनच्या ब्लीचिंग पावडरचे 60 ग्रॅम. हिशोब बरोबर आहे का?

कोणाच्या सोसायटीत असा फिल्टर चालू आहे का? बॅकवॉश (उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं) किती दिवसांनी करता आणि ते तांबडं पाणी कुठे सोडता? फ्लशच्या टाकीत बुळबुळीत तपकिरी थर धरतो, ते लोहजिवाणू असतील तर आधी बोअरमध्येच क्लोरीन सोडावं लागेल का?

रविवारी सभा आहे. सात-आठ घरं पेन्शनवर चालतात, त्यांच्याकडे वर्गणी दोनदा मागता येणार नाही. अनुभव असेल त्यांनी कृपया त्याआधी लिहा.