मुलं किनारा सफाईला यायला तयार नाहीत, शुक्रवारच्या आत सल्ला हवा

शिंपला
नमस्कार. मदत हवी आहे आणि लवकर हवी आहे. शुक्रवारी मुलांना घेऊन किनारा सफाईला जायचं ठरलंय, बॅनरसुद्धा छापून आलाय, आणि मुलं यायलाच तयार नाहीत. डिसेंबरात हीच मुलं हाका मारायच्या आत वाळूत पोचली होती. आता एकाचं पोट दुखतंय, दुसऱ्याला आजीकडे जायचंय. दोनदा समजावलं, एकदा रागावले, व्हिडिओ दाखवले. मुलांना पर्यावरणाबद्दल आस्था वाटावी म्हणून कुणी काही केलं असेल तर सांगा. निबंध, चित्रकला, घोषवाक्यं सगळं करून झालंय, ते सुचवू नका.

खाडीकाठ
मुलं किती, कितवीतली? तुम्ही बाई की पालक? गाव कुठलं, किनारा उघडा की खाडीच्या तोंडाशी?

मातीचा माठ
ताई, सुरुवात घरापासून करा. आम्ही माठात खत करतो. तळाला नारळाच्या शेंड्या, वर भाजीची देठं, मूठभर शेणखत, दोन दिवसांनी हलवायचं. वास अजिबात येत नाही. माठाला भोकं कशी पाडायची ते हवं असेल तर सविस्तर लिहितो.

खाडीकाठ
माठदादा, त्यांनी किनाऱ्याचं विचारलंय.

वाळूतली पावलं
मुलांना मंडणगडजवळच्या वेळास गावी न्या. सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने तिथे २००२ साली कासवांचं काम सुरू केलं, आणि ज्या गावात अंडी खाल्ली जात होती तेच गाव आता घरटी राखतं. मादी एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते, साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. बोटाएवढं पिल्लू पाण्याकडे सरकताना पाहिलेला मुलगा वाळूत पिशवी टाकत नाही, हे मी माझ्या भाच्याच्या बाबतीत पाहिलंय.

प्रवासी पुणे
वेळासला पुण्याहून कसं जायचं? मार्चमध्ये घरगुती राहायची सोय होते का?

वाळूतली पावलं
मंडणगडपर्यंत एसटी, पुढे बाणकोटच्या रस्त्याने. गावात घरोघरी सोय होते, आधी फोन करा. बाकीचं नव्या धाग्यात विचारा.

शिंपला
१९ मुलं, पाचवी ते सातवी. मी त्यांची बाई. गुहागर तालुका, गावाचं नाव नको. किनाऱ्याच्या एका टोकाला खाडी येऊन मिळते. वेळासला न्यायला गाडीचे पैसे नाहीत आणि शुक्रवार तीन दिवसांवर आहे. कृपया इथल्या इथे करता येईल असं सांगा.

वाळूतली पावलं
गुहागर तालुक्यात असाल तर कासवं तुमच्याकडेच येतात की! सध्या अंडी घालायचे दिवस आहेत. सफाईला ट्रॅक्टर वाळूवर आणू नका, फावड्याने खणू नका. पावलांचे माग दिसले तर गावातल्या कासवमित्राला (घरटी राखणाऱ्याला) किंवा वनखात्याला कळवा. हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

सड्यावरचा
मला सफाई हा प्रकारच पटत नाही. मुलाचा निसर्गाशी पहिला संबंध दुसऱ्याची घाण उचलण्याचा का असावा? आधी जीव जडू दे. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर न्या, सीतेची आसवं दाखवा, त्या इवल्याशा निळ्या फुलाचं रोप पाण्यातले बारीक जीव पकडून खातं हे कळलं की मुलं पालथी पडून बघतात.

खाडीकाठ
जानेवारीत सड्यावर काय दाखवणार, वाळलेलं गवत? फुलं पावसाळ्यातली.

सड्यावरचा
मी तत्त्व सांगत होतो. जानेवारीत खाडी आहेच. ओहोटीला तिवरांत, म्हणजे कांदळवनात न्या. तिवराचं पान चाटायला सांगा, खारट लागतं, कारण झाड जादा मीठ पानावाटे बाहेर टाकतं. चिखलातून वर आलेली मुळं दाखवा, निवट्या दाखवा, चिखलावर सरपटणारा मासा. चिपीला २०२० साली राज्याचं कांदळवन वृक्ष केलंय, ते झाड ओळखायला लावा. त्या दिवशी कचऱ्याचं नाव काढू नका.

जुने हेडमास्तर
३१ वर्षं मराठी शाळेत काढली आहेत म्हणून लिहितो. मुलांच्या कलाने किती घ्यायचं याला मर्यादा हवी. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितल्यापासून पर्यावरण शिक्षण सक्तीचं आहे, हौसेचं नाही. उपस्थितीला गुण ठेवा, सगळी येतील.

सड्यावरचा
गुणांसाठी आलेलं मूल गुण मिळाले की थांबतं, सर.

जुने हेडमास्तर
आणि न आलेलं मूल सुरूच करत नाही.

मालवणी रापण
भाषणां नको नि गुण नको. पोरांका पहाटे रापणीर घेवन जावा. जाळ्यात मासळीबरोबर काय काय इला ता तेंका मोजूक सांगा. माझो झील तेच्यानंतर दर्यात कागद टाकणा नाय.

खाडीकाठ
शिंपलाताई, एक विचारायचं राहिलं. डिसेंबरात गोळा केलेला कचरा गेला कुठे?

शिंपला
ग्रामपंचायत उचलणार होती. पण माझा प्रश्न आस्थेचा आहे.

खाडीकाठ
उचलला का?

शिंपला
दोन तास लिहू की नको करत होते. लिहिते.

१४ गोणी भरल्या होत्या. रस्त्याच्या कडेला नीट रचून ठेवल्या. ट्रॅक्टर तिसऱ्या दिवशी आला आणि खाडीच्या मागच्या अंगाला, तिवरांतच सगळं ओतून पेटवून दिलं. सातवीतला एक मुलगा बापाबरोबर कुर्ल्या धरायला जातो, त्याने पाहिलं. वर्गात उभा राहून म्हणाला, बाई, पिवळ्या दोरीची गोणी मी बांधली होती, ती अर्धी जळलेली तिथे आहे. त्या वेळी तपासणीला साहेब आले होते. मी त्याला खाली बस म्हटलं. नंतर विषय काढला नाही, त्यानेही नाही. पोट दुखण्याची सुरुवात त्याच्यापासूनच झाली. ह्या दोन गोष्टींचा संबंध असेल असं मला इथे लिहीपर्यंत खरंच वाटलं नव्हतं.

वाळूतली पावलं
बाई, मुलांना आस्था आहे. म्हणूनच येत नाहीयेत.

जुने हेडमास्तर
गुणांचं बोललो ते मागे घेतो. आधी त्या मुलाशी बोला, सगळ्या वर्गासमोर, कारण खाली बसवलं ते सगळ्यांसमोर. मग २६ जानेवारीची ग्रामसभा येतेच आहे. अर्ज मुलांना लिहू द्या, तुम्ही फक्त शुद्धलेखन बघा. गोणी किती, कधी ठेवल्या, कुठे सापडल्या, एवढंच. पोच घ्यायला विसरू नका. आरोप नकोत, गावातच राहायचंय तुम्हाला.

सड्यावरचा
कांदळवनात कचरा टाकणं गुन्हा आहे. वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडे सरळ तक्रार करा, अर्जबिर्ज नंतर.

जुने हेडमास्तर
तक्रार करून तुम्ही सड्यावर जाल. बाईंना रोज त्याच रस्त्याने शाळेत जायचंय.

खाडीकाठ
दोघांचंही नंतर बघू. शुक्रवारचं बोला. किनाऱ्याची सफाई रद्द करा, जळक्या जागी मुलांना न्या. काचा असतील, चपला घालून. उरलंय ते तीन ढिगांत वेगळं करा: बोटीवरचं, बाजारातलं, पाहुण्यांनी टाकलेलं. वेष्टनं वाचली की कुठून आलं ते मुलांना आपोआप कळेल. बाटल्या भंगारवाला घेतो. उधाणाची भरती कधी आहे ते आधी बघा, नाहीतर राख-प्लास्टिक सगळं खाडीत जाईल.

मातीचा माठ
नारळाच्या शेंड्या, झावळ्या गोणीत मिसळू नका, त्या वेगळ्या काढल्या तर निम्म्या गोणी वाचतात. खरंच सांगतोय.

शिंपला
माठदादा, हे उपयोगी आहे, आमच्या गोण्यांत झावळ्याच फार होत्या.

आज पहिल्या तासाला बोलले. तू खरं सांगितलंस आणि मी तुला बसवलं, माझं चुकलं, असं म्हटलं. तो काही बोलला नाही. मधल्या सुट्टीत येऊन विचारलं, बाई, ओहोटी किती वाजता आहे? बापाला विचारून उद्या सांगतो म्हणाला. बॅनर नेणार नाही. १९ पैकी १३ जणांनी नावं दिली आहेत.

आता एकच अडकलंय. जळून उरलेल्यात थर्माकोलचे तरंगे आणि नायलॉनच्या जाळ्यांची भेंडोळी पुष्कळ आहेत. आमचा भंगारवाला दोन्ही घेत नाही. चिपळूण-रत्नागिरीकडे कुणी जाळी घेतं का? पुन्हा रस्त्याच्या कडेला रचून ठेवायचं नाहीये मला. माहीत असेल त्यांनी आज रात्रीपर्यंत लिहा.

मालवणी रापण
जाळी फेकू नकात बाई. आमच्या हंय आंब्याच्या कलमांका नि परसाक कुंपण म्हणान बांधतत. आधी गावातल्या बागवाल्यांका विचारा.