दोन याद्यांतला फरक काढायचाय, पण सगळंच नवीन दाखवतंय

हळदकांडी:
सांगली मार्केट यार्डात एका अडत्यासाठी हळदीच्या लॉटचं सॉफ्टवेअर करतोय, जावास्क्रिप्टमध्ये. कालची यादी आणि आजची यादी, दोन्ही ऑब्जेक्टचे ॲरे (म्हणजे नोंदींच्या याद्या), प्रत्येक नोंदीत लॉट नंबर, पोती, दर एवढंच. फक्त नवीन आलेले लॉट पाहिजेत म्हणून फिल्टरच्या (हवे तेवढेच ठेवणारं फंक्शन) आत इन्क्लुड्स (यादीत हे आहे का बघणारं) लावलं तर सगळेच नवीन म्हणतंय राव, डोळ्यानं बघितलं तर सेम टू सेम!

कृष्णाकाठ:
इन्क्लुड्स ऑब्जेक्टच्या आत डोकावत नाही, मेमरीतला तोच आहे का एवढंच बघतं. दोन पोत्यांत सारखीच हळद असली तरी पोती दोनच की. आत सम (some, एक तरी जुळतो का बघणारं फंक्शन) लावून लॉट नंबर जुळव.

सातारी कंदी:
सम चालेल, पण ४००० लॉटला ४००० म्हणजे १ कोटी ६० लाखांपर्यंत तुलना. त्यापेक्षा कालचे फक्त लॉट नंबर काढून त्यांचा सेट (Set, एकेक व्हॅल्यू एकदाच ठेवणारा संच) कर आणि आजच्या यादीवर फिल्टर लावून आत हॅज (has, सेटमध्ये आहे का) विचार, नसेल तोच नवीन. अख्खे ऑब्जेक्ट सेटमध्ये टाकू नको, परत तेच रडगाणं. आणि नंबर दोन्हीकडं नंबरच आहे ना बघ, स्ट्रिंग १०१ वेगळी धरतो सेट.

हळदकांडी:
एका यादीत स्ट्रिंगच होती 😅 झालं. आता दर बदललेले कसे काढू?

सातारी कंदी:
सेटऐवजी मॅप (Map, की-व्हॅल्यूच्या जोड्या ठेवणारा) घे (ॲरेवरचं मॅप फंक्शन नव्हे), की (key) म्हणजे लॉट नंबर, व्हॅल्यू म्हणजे अख्खा लॉट. गेटनं जुना लॉट मिळाला आणि दर वेगळा असला तरच ठेव.

कृष्णाकाठ:
स्काला भाषेत लॉटचा केस क्लास (तिथला डेटा ठेवायचा क्लास) केला असतास तर डबल इक्वलनं (==) आतल्या व्हॅल्यूच तपासल्या असत्या, पण अडत्याला कोण सांगणार 😂