'सवय होईल' हे उत्तर नाही (निमित्त: विंडोज ११चा टास्कबार)

कोपऱ्यातला

परवा एक पोस्ट वाचली, तेव्हापासून डोकं तापलंय. म्हणणं थोडक्यात असं: विंडोज ११ला नावं ठेवणारे प्रत्येक नव्या आवृत्तीला नावं ठेवतात, त्यांना बदलाची भीती वाटते, सहा महिन्यांत सवय होते आणि तोंडं बंद होतात. त्याखाली लोकांचं "अगदी बरोबर", "+१". याला दोन ओळींत उत्तर देता येईना, म्हणून सविस्तर लिहितोय.

सवय होते हे खरं. माणसाला कशाचीही सवय होते. पण सवय झाली म्हणजे ती गोष्ट चांगली होती, हे कुठून आलं?

टास्कबार घ्या, म्हणजे स्टार्ट आणि उघड्या प्रोग्रामांची चिन्हं असलेली ती पट्टी. विंडोज ९५पासून १०पर्यंत तो खाली, वर, डावीकडे, उजवीकडे, हवा तिथे नेता यायचा. मी तो कायम डाव्या कडेला उभा ठेवत आलो, कारण आताचे स्क्रीन रुंदीला ऐसपैस आणि उंचीला तोकडे. १३६६ बाय ७६८च्या स्क्रीनवर उंचीतले ४८ पिक्सेल टास्कबारलाच गेले, वर खिडकीची पट्टी, मेनू, टॅब, तर वाचायला उरतं काय? १०मध्ये हे ४० होते, म्हणजे उंची वाढवलीच. २०२१मध्ये ११ आलं तेव्हा बाजूला नेण्याची सोय काढलेली होती आणि पहिली चार वर्षं तरी ती परत आली नाही. मला नेमकी कशाची सवय व्हायला हवी? कमी ओळी दिसण्याची?

दुसरं, स्टार्टचं बटण. ते कोपऱ्यात होतं तेव्हा त्याच्याकडे बघावं लागत नव्हतं. माउस खाली-डावीकडे भिरकावला की झालं. पॉइंटर कडेपलीकडे जातच नाही, त्यामुळे कोपरा चुकत नाही. फिट्सचा १९५४चा नियम इंटरफेस करणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतो: लक्ष्य जितकं मोठं आणि जवळ, तितकं ते पटकन गाठता येतं. कोपऱ्याइतकं मोठं लक्ष्य स्क्रीनवर दुसरं नाही. ते सोडून स्टार्ट मध्ये आणलं, आणि मध्येही ते एका जागी थांबत नाही. जितके प्रोग्राम उघडाल तितकं ते डावीकडे सरकत जातं. हाताला जागा पाठ होणार कशी?

सेटिंगमधून ते डावीकडे नेता येतं, मला माहीत आहे. नेलेलंच आहे. कृपया तेवढंच सांगायला कोणी येऊ नका.

बदलाला माझी ना नाही. २०२२मध्ये एक्सप्लोररला, म्हणजे फोल्डर उघडतात त्या खिडकीला, टॅब आले, ते पहिल्या दिवसापासून वापरतोय. माझा राग आहे तो चालू असलेली, लोक रोज वापरत असलेली सोय काढून घेण्यावर.

स्नॅपवाली

असहमत, आणि जोरात असहमत.

तुम्ही एका उभ्या पट्टीवरून अख्ख्या आवृत्तीला झोडपताय. मी दिवसभर लॅपटॉपला दुसरा मॉनिटर जोडून काम करते. १०मध्ये दुपारी मीटिंगला जाताना केबल काढली की सगळ्या खिडक्या एकावर एक येऊन पडायच्या, परत जोडली तरी तशाच. दिवसातून दोनदा सगळं पुन्हा मांडायचं. ११मध्ये केबल जोडली की खिडक्या आपापल्या जागी परत जातात. मॅक्झिमाइजच्या बटणावर माउस नेला की खिडक्या लावायच्या मांडण्या समोर येतात, तीन खिडक्या तीन क्लिकांत लागतात. माझ्या कामात याने जेवढा फरक पडला तेवढा गेल्या दहा वर्षांत कशानेच पडला नव्हता.

आणि टास्कबार मुळापासून नव्याने लिहिला आहे. जुन्यातली प्रत्येक गोष्ट पहिल्याच दिवशी त्यात असेल ही अपेक्षा चुकीची आहे. चिकटवत चिकटवत किती वर्षं चालवायचं?

कोपऱ्यातला

@स्नॅपवाली, नव्याने लिहायला माझी हरकत नाही. अर्धवट लिहिलेलं पूर्ण म्हणून हातात देण्याला आहे. फाइल ओढून टास्कबारवर न्यायची आणि हव्या त्या प्रोग्राममध्ये सोडायची, इतकी साधी गोष्ट २०२१मध्ये चालत नव्हती. ती २०२२मध्ये आली. खिडक्यांची नावं टास्कबारवर सुटी दाखवणं आलं २०२३मध्ये. टास्कबारवर राइट क्लिक करून टास्क मॅनेजर उघडणंसुद्धा आधी काढलं आणि २०२२मध्ये परत दिलं. म्हणजे लोक ओरडत होते ते बरोबर होते ना? भीती वाटत होती म्हणून ओरडत असते, तर कंपनीने एकेक गोष्ट परत का आणली?

शॉर्टकट

मला ही चर्चाच कळत नाही. विंडोजची कळ दाबा, प्रोग्रामची पहिली दोन अक्षरं टाइप करा, एंटर मारा. स्टार्ट मध्ये आहे की कोपऱ्यात, काय फरक पडतो? जो माणूस २०२१नंतरही माउस घेऊन कोपरे शोधतोय, त्याला वेगाबद्दल बोलायचा हक्क नाही. जुना राइट क्लिक मेनू हवा असेल तर शिफ्ट+एफ१०. मांडणी हवी, विन+झेड. कीबोर्ड शिकून घ्या, प्रश्न मिटला.

जाड_भिंग

@शॉर्टकट, "हक्क नाही" हे शब्द मागे घ्या.

मला डाव्या डोळ्याने जवळपास दिसत नाही, उजव्यानेही मोठं करूनच दिसतं. मॅग्निफायर कायम चालू. म्हणजे स्क्रीनचा एक तुकडाच एका वेळी माझ्यासमोर असतो. कोपरा मला न बघता सापडायचा. मध्ये कुठेतरी असलेलं आणि शिवाय जागा बदलणारं बटण मला आधी शोधावं लागतं, मग दाबावं लागतं. ऑफिसच्या आयटीने एका रात्रीत सगळ्यांची मशीन बदलली, कोणी विचारलं नाही, सकाळी येऊन बसले तर रोजची एकही गोष्ट जागेवर नाही. डावीकडे घ्यायची सेटिंग दुपारी एका सहकाऱ्याने दाखवली, तोपर्यंत अर्धा दिवस गेला होता.

राइट क्लिकच्या मेनूचं तर बोलूच नका. कट, कॉपी, रिनेम यांची नावं काढून नुसती रेघांची चित्रं केली. मेनू पॉइंटरच्या वर उघडला की ती ओळ खाली येते, खाली उघडला की वर. ज्याला चित्र नीट दिसत नाही त्याने काय करायचं? नावं परत आली २०२४च्या आवृत्तीत. तीन वर्षं.

आणि कीबोर्डबद्दल: मी कीबोर्ड तुमच्यापेक्षा जास्त वापरत असेन. तरीही.

उजवी_कळ

राइट क्लिकच्या बाबतीत दुसरी बाजूही बघा. जुना मेनू कसा झाला होता आठवतंय का? झिपचा प्रोग्राम टाका, त्याच्या पाच ओळी. अँटिव्हायरस टाका, दोन ओळी. ग्राफिक्स ड्रायव्हर, क्लाउडवाले, सगळे आपापलं घुसवायचे. वर त्यांचा कोड एक्सप्लोररच्याच प्रोसेसमध्ये चालायचा. एखाद्याने कच्चं लिहिलं असेल तर राइट क्लिक केलं की अख्खा एक्सप्लोरर गोठायचा. नव्या मेनूत यायचं तर प्रोग्रामला नवीन पद्धतीनेच यावं लागतं. हे कोणीतरी करायलाच हवं होतं. चित्रांचा मुद्दा मात्र मान्य, तिथे चुकलंच. जुना मेनू "आणखी पर्याय दाखवा"च्या मागे ढकलला, तेही रोज लागणाऱ्यांना जाचतंच.

पेंग्विन

तुम्ही सगळे बटणांवर भांडताय. खरा अन्याय बाजूलाच राहिला. ११ बसवायचं तर टीपीएम २.० (किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा चिप) हवं, सिक्युअर बूट (सुरू होताना खात्रीचीच सिस्टिम चालू देणारी सोय) हवं, आणि प्रोसेसर त्यांच्या यादीत हवा. इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची. माझा लॅपटॉप सातव्या पिढीचा, १६ जीबी रॅम, एसएसडी, टीपीएम २.० सुद्धा आहे. व्हिडिओ एडिटिंग करतो मी त्यावर. तरी तो यादीबाहेर. १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. म्हणजे अशी धडधाकट मशीन भंगारात? मी विंडोज काढून लिनक्स मिंट ही दुसरी सिस्टिम टाकली, आजतागायत अडलं नाही. तुम्ही मात्र स्टार्टची जागा मोजत बसा.

निळा_पडदा

@पेंग्विन, सुरक्षेला तुम्ही क्षुल्लक समजताय आणि ते धोकादायक आहे. मी सिस्टिम सांभाळण्याच्या कामात आहे. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा फायली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस आला तेव्हा एका ऑफिसातल्या ओळीने लाल झालेल्या स्क्रीन मी पाहिल्यात, लोक रडताना पाहिलेत. त्यावरचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, मार्चमध्येच आला होता. तिथे लावला नव्हता. टीपीएममध्ये किल्ल्या प्रोसेसरच्या नेहमीच्या मेमरीबाहेर राहतात, डिस्क एन्क्रिप्ट होते, लॅपटॉप चोरीला गेला तरी डेटा चोराला वाचता येत नाही. ही किमान पातळी कधीतरी आखायलाच हवी. १०ला २०१५पासून दहा वर्षं अपडेट मिळाले. आणखी किती?

पेंग्विन

वॉनाक्रायचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे, तुमच्या नाही! तिथे अडलं ते पॅच न लावल्याने, टीपीएम नसल्याने नाही. आता तुम्ही चालत्या मशीनचे पॅच स्वतःहून बंद करताय आणि वर सुरक्षा शिकवताय.

आणि यादीचा तर्क सांगा मला. म्हणे नव्या प्रोसेसरमध्ये कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, कोडची तपासणी हार्डवेअर करतं, म्हणून ती वेगात होते. इंटेलच्या सातव्या पिढीत ती सोय आहे, पण ती पिढी यादीत नाही, दोनचार अपवाद सोडून. एएमडीच्या रायझन २००० मालिकेत ती सोय नाही, तरी ती यादीत आहे. समजावून सांगा.

निळा_पडदा

यादी फक्त एका गोष्टीवर ठरत नाही. ड्रायव्हर कोण देणार, प्रोसेसरवाली कंपनी किती वर्षं साथ देणार, हेही असतं. तुमच्या एका लॅपटॉपवरून जगाचं धोरण ठरवता येत नाही. घरचं एक मशीन सांभाळणं आणि हजारो मशीन सांभाळणं यात फरक आहे, तो तुम्हाला माहीत नाही हे दिसतंच आहे.

पेंग्विन

माझ्या अनुभवावर घसरू नका. रायझनचं उत्तर आलेलं नाही.

निळा_पडदा

रायझन २०००च्या बाबतीत यादी सुसंगत नाही, एवढं मान्य करतो. पण टीपीएमची अट योग्यच आहे आणि त्यावरून मी हटणार नाही.

उजवी_कळ

सपोर्ट संपला म्हणजे मशीन त्या दिवशी बंद पडलं असं नाही. घरगुती वापरासाठी आणखी एका वर्षाचे सुरक्षा अपडेट घेता येतात, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत.

पेंग्विन

एक वर्ष. मग पुढे? एका वर्षाने माझा प्रोसेसर आठव्या पिढीचा होणार नाही.

जाड_भिंग

@पेंग्विन, लिनक्सवाल्यांनी "आम्ही लोकांचं ऐकतो" असा आव आणू नये. लिनक्सचा जीनोम ३ हा डेस्कटॉप आठवा, एप्रिल २०११. टास्कबार गायब, मिनिमाइजचं बटण गायब, आणि तक्रार करणाऱ्यांना हेच उत्तर: सवय होईल. खुद्द लिनक्सचा कर्ता लिनस टॉरवल्ड्सने चिडून एक्सएफसीई हा दुसरा डेस्कटॉप गाठला होता. मला तेव्हाही हाच त्रास झाला होता.

पेंग्विन

झाला होता, नाकारत नाही. जीनोमवाल्यांनी ते उद्धटपणेच केलं. पण म्हणूनच माटे, सिनॅमन असे वेगळे डेस्कटॉप निघाले. ज्यांना जुनी मांडणी हवी होती त्यांनी ती जिवंत ठेवली. विंडोजमध्ये तुम्ही हे करू शकता का? तिथे पहिली चार वर्षं टास्कबार बाजूला न्यायलासुद्धा बाहेरचा प्रोग्राम लागत होता.

काचेपलीकडे

मॅकवालेही यातून सुटलेले नाहीत. सप्टेंबर २०२५मध्ये मॅकची टाहो ही आवृत्ती आली, सगळीकडे ती पारदर्शक काच. मागचा मजकूर पुढच्या मेनूतून डोकावतो. सगळे प्रोग्राम एका पडद्यावर दाखवणारं लाँचपॅड काढून टाकलं, त्यात मी वर्षानुवर्षं फोल्डर लावून ठेवले होते. दिसायला देखणं आहे, वाचायला नाही.

स्नॅपवाली

चर्चा प्रोसेसरच्या यादीत पार हरवली. मूळ मुद्द्यावर येते.

@जाड_भिंग, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी स्वतःच्या दोन मॉनिटरच्या जगातून बोलत होते. चित्रांच्या मेनूबद्दल तुमचं म्हणणं पूर्ण पटलं.

@कोपऱ्यातला, तुमचं नाही पटलं. उभा टास्कबार वापरणारे थोडे असतात. थोड्या लोकांसाठी प्रत्येक गोष्ट चार दिशांना चालेल अशी लिहायची, तपासायची, दुरुस्त करत राहायची, याला खरोखर श्रम लागतात. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम करते. एक पर्याय ठेवला की तपासायच्या गोष्टी दुपटीने वाढतात. बाहेरून ते फक्त एक टिकमार्क दिसतं.

कोपऱ्यातला

@स्नॅपवाली, तपासणीचे श्रम समजू शकतो. पण "थोडे लोक" हा तर्क कुठपर्यंत न्यायचा? मॅग्निफायर वापरणारेही थोडेच आहेत. दोन मॉनिटरवालेही एकेकाळी थोडेच होते. प्रत्येक थोड्यांना वगळत गेलात तर सरासरी माणसासाठीची एक मांडणी उरेल, आणि तसा सरासरी माणूस कुठेच बसलेला नसतो.

विंडोज ८च्या वेळी हेच झालं. २०१२मध्ये स्टार्टचं बटणच काढलं आणि मेनूच्या जागी स्क्रीनभर चौकोन आणले. तेव्हाही बदलाची भीती, जुने लोक, हेच ऐकलं. वर्षभरात ८.१मध्ये बटण परत आलं, २०१५मध्ये १०सोबत मेनू परत आला. त्या वेळी सगळ्यांनी मुकाट सवय करून घेतली असती तर आज तुम्ही, मी, सगळेच पूर्ण स्क्रीनभर चौकोन बघत बसलो असतो.

शॉर्टकट

@जाड_भिंग, "हक्क नाही" हे मागे घेतो. बाकीच्या निरोगी डोळेवाल्यांनी कीबोर्ड शिकावा, हे मत कायम.

जाड_भिंग

घेतलंत, बरं झालं. पण "निरोगी डोळेवाले" हाही निकष तुम्ही ठरवू नका. मनगट दुखणाऱ्याला कीबोर्ड नको असतो, हात थरथरणाऱ्याला छोटी बटणं नको असतात. ज्याला जे जमतं ते त्याला ठेवू द्या, इतकंच.

स्नॅपवाली

@कोपऱ्यातला, ८चं उदाहरण बरोबर आहे. लोक ओरडले म्हणून नावं सुटी दाखवण्याची सोय २०२३मध्ये परत आली आणि मी स्वतः ती लगेच चालू केली, हेही सांगून टाकते. तरी ११ हे ८ नव्हे. ८ने कामच अडवलं होतं, ११मध्ये माझं काम वेगाने होतं. ते सोडून १०वर परत जा म्हणाल तर जाणार नाही.

कोपऱ्यातला

परत जा असं मी कुठे म्हटलं? मीही ११च वापरतोय, खिडक्यांच्या मांडण्याही रोज लावतो. त्या चांगल्या आहेत, याबद्दल तुमच्याशी भांडण नाही. उभा टास्कबार मात्र मागत राहणार.