मुंबई-दिल्ली १,१३७ किमी, मग तिकिटावर सव्वादोन तास कसे?

रानवारा:
सरळ अंतर १,१३७ किमी. एअरबस ए३२० ताशी ८३० किमीने जातं, म्हणजे ८२ मिनिटं. तिकिटावर मात्र ७:०० ते ९:१५! कंपन्या वेळ फुगवतात का? पुढे १०:४५ ला लेहचं विमान आहे. तिकीट वेगळं, एक चेक-इन बॅग. जमेल ना?

टॅक्सीवे:
थोडी फुगवतात, म्हणजे उशीर झाला तरी 'वेळेवर' म्हणता येतं. पण बरीचशी वेळ खरीच लागते. तिकिटावरची वेळ मुंबईत विमान मागे ढकलल्यापासून दिल्लीत जागेवर उभं राहीपर्यंतची असते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते आणि उतरणारी विमानंही तिच्यावरच. सकाळच्या गर्दीत वीसेक मिनिटं जमिनीवरच जातात.

८३० हा वेग ३५,००० फुटांच्या आसपासचा. १०,००० फुटांखाली २५० नॉटची मर्यादा असते (ताशी सुमारे ४६० किमी), आणि धावपट्टीवर टेकताना वेग ताशी २५० किमीच्या आसपास येतो. दिल्लीच्या साधारण २०० किमी आधीच उतरण सुरू होते. वर सरळ रेषेत कोणी सोडत नाही. मुंबईहून बहुतेकदा समुद्राकडे उडून मग उत्तरेला वळायचं. दिल्लीत पश्चिमेकडे तोंड करून उतरायचं असेल, तर दक्षिणेकडून आलेलं विमान आधी पूर्वेला नेऊन मग वळवतात. हवेतला वेळ पावणेदोन तास धरा.

खिडकीसीट:
वाऱ्याचा हिशोब इथे फारसा लागत नाही. मार्ग जवळपास दक्षिणोत्तर, त्यामुळे पश्चिमेचा वारा आडवा येतो. मुंबई-कोलकात्याला (सुमारे १,६६० किमी) तोच वारा जाताना पाठीशी आणि येताना तोंडावर, म्हणून हिवाळ्यात परतीला जास्त वेळ लागतो.

टॅक्सीवे:
लेहचं मात्र जमवू नका. वेगळ्या तिकिटावर बॅग पट्ट्यावरून घेऊन, बाहेर येऊन, पुन्हा द्यावी लागते. देशांतर्गत चेक-इन साधारण ६० मिनिटं आधी बंद होतं, म्हणजे ९:४५. विमान वेळेवर आलं तरी दार उघडून बॅग हातात येईपर्यंत तेवढे वाजतातच. त्यात दिल्लीत एक विमान टी१ ला (टर्मिनल १) आणि दुसरं टी३ ला असेल तर रस्त्याने जावं लागेल, विषयच संपला. दुपारी लेहच्या खोऱ्यात वारा वाढतो, म्हणून तिथली विमानं मुख्यतः सकाळचीच. चुकलं तर दुसरा दिवस, वर नवं भाडं.

रानवारा:
मग एकाच पीएनआरवर काढू?

खिडकीसीट:
हो. बॅग थेट लेहपर्यंत टॅग होते का ते काउंटरवर विचारा. पहिल्या विमानाच्या उशिराने पुढचं चुकलं तर दुसरी सोय कंपनीने करायची. नाहीतर आदल्या संध्याकाळी दिल्ली गाठा. फ्लाइटरडार२४ या विमानांचा माग दाखवणाऱ्या साइटवर त्या क्रमांकाच्या विमानाचा गेल्या आठवड्याचा इतिहास बघा. तिथला उड्डाणाचा वेळ हवेतलाच असतो, त्याची तिकिटाशी तुलना करू नका. दिल्लीला खरंच किती वाजता पोचलं तेवढं बघा, आणि त्यातला सगळ्यात वाईट दिवस धरा.